मनोविश्लेषण आणि नॉन-बायनरी माणूस : पुण्यातील एका थेरपीसेवेचे परीक्षण

पुण्यात एरंडवणे भागातील एका अनुभवी थेरपिस्टकडे माझी मनोविश्लेषणाधारित थेरपी, म्हणजे मनात येईल ते बोलत मनातले दडलेले समजून घेण्याची उपचारपद्धत, गेली काही वर्षे चालू आहे, आणि हे परीक्षण त्या सेवेचे आहे. थेरपिस्टचे नाव येथे देत नाही. थेरपी अजून संपलेली नाही, त्यांच्याकडे येणाऱ्या इतरांचा खासगीपणा जपायला हवा, आणि शहरातले आमचे वर्तुळ इतके लहान आहे की एका नावावरून चार माणसे ओळखू येतात. नावाशिवाय परीक्षणाचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर माझे म्हणणे असे की वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ह्याच थेरपिस्ट मिळणार नाहीत, दुसरे कोणी मिळतील. त्यांच्या खोलीत काय पाहावे, काय विचारावे आणि कशावरून उठून यावे, हे ठरवायला एका ठिकाणचा सविस्तर अनुभव नुसत्या नावापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

स्त्री किंवा पुरुष यांपैकी कोणत्याही एका रकान्यात मी बसत नाही, म्हणजे मी नॉन-बायनरी आहे, हे माझे मला कळून बराच काळ झाला आहे. थेरपीकडे वळण्याचे कारण ते नव्हते. रात्री झोप मोडत असे, जवळचे नाते एका ठरावीक टप्प्याला आले की माझ्याकडून ते तोडले जाई, आणि कामावर कोणी कौतुक केले की पुढचे काही दिवस छातीत धडधड राही. अशा तक्रारी कोणाही माणसाच्या असू शकतात. परंतु नॉन-बायनरी माणूस कोणतेही दुखणे घेऊन गेला तरी समोरच्याची नजर आधी त्याच्या लिंगभावावर, म्हणजे तो स्वतःला कोणत्या लिंगाचा मानतो यावर, खिळते, असे मला याआधी दोन ठिकाणी दिसले होते. पहिल्या ठिकाणच्या समुपदेशकांनी ‘हे कधीपासून सुरू झालं’ या प्रश्नापासून सुरुवात करून वडील घरात कमी असत का, आई कडक होती का, अशी चौकशी सुरू ठेवली आणि झोपेचा विषय कधी आलाच नाही. दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच भेटीत माझे मनापासून अभिनंदन झाले. तो आधार मोलाचा होता, पण पुढे माझ्या बोलण्यात जराशी शंका, जरासा राग, कुठल्याही बाबतीतला गोंधळ आला की तो समाजाने लादलेल्या लाजेचा अवशेष ठरवून बाजूला सारला जाई. दोन्हीकडे निष्कर्ष आधी तयार होता. सध्याच्या सेवेचे मोठेपण मला सर्वांत आधी यात दिसते की तेथे निष्कर्षाची घाई नाही, आणि या एका गुणासाठी तिचे काही दोषही सोसावेसे वाटतात.

मनोविश्लेषणाकडे जायला माझे मन सहज तयार झाले नव्हते, आणि त्याला कारण होते. या परंपरेने आमच्यासारख्यांना बराच काळ छळले आहे. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांचे स्वतःचे विचार अनेक ठिकाणी मोकळे होते. १९०५ सालच्या लेखनात त्यांनी प्रत्येक माणसात पुरुषत्व आणि स्त्रीत्व यांची सरमिसळ असते असे मांडले, आणि १९३५ मध्ये एका अमेरिकन आईला लिहिलेल्या पत्रात समलैंगिकता हा आजार म्हणता येत नाही, तिची लाज वाटण्याचे कारण नाही, असे कळवले. त्यांच्यानंतरच्या अमेरिकन विश्लेषकांनी मात्र उलटा रस्ता धरला. १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली तेव्हा विरोधात पुढे उभे राहिलेल्यांत मनोविश्लेषक होते, आणि त्यांच्या आग्रहामुळे पुढच्या वर्षी तो निर्णय सदस्यांच्या मतदानाला टाकावा लागला. अमेरिकन सायकोअ‍ॅनालिटिक असोसिएशनने या इतिहासाबद्दल जाहीर माफी मागितली ती २०१९ च्या जूनमध्ये. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पॅरिसला विचारवंत पॉल प्रेसियादो यांनी लाकाँपंथीय (फ्रेंच मनोविश्लेषक जाक लाकाँ यांना मानणाऱ्या) विश्लेषकांच्या सुमारे साडेतीन हजारांच्या सभेपुढे उभे राहून लिंगाच्या दोन रकान्यांवर बेतलेला आपला सिद्धान्त तपासा असे सांगितले, तेव्हा सभेत हुर्यो उडाली आणि भाषण पुरे होऊ शकले नाही. ज्या शास्त्राचा पाया माणसाचे न बोललेले ऐकण्यावर आहे, त्याच्या सभेत बोललेलेही ऐकले गेले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

आपल्याकडे या शास्त्राची सुरुवात वेगळ्या सुरात झाली होती, आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. कोलकात्यात डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी स्थापन केली. फ्रॉइड आणि त्यांची प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही, पत्रे मात्र अनेक वर्षे चालली. १९२९ च्या एका पत्रात बोस यांनी फ्रॉइडना कळवले की आपल्या भारतीय पुरुष रुग्णांत स्त्री होण्याची इच्छा युरोपियन रुग्णांपेक्षा सहज हाती लागते, आणि लिंगच्छेदाच्या ज्या भयाला फ्रॉइड पुरुषाच्या मनाचा कणा मानतात ते येथे तितके ठळक दिसत नाही. प्रत्येक इच्छेच्या पोटात तिची विरुद्ध इच्छा असते, असा त्यांचा स्वतंत्र सिद्धान्त होता. फ्रॉइडना तो पटला नाही. बोस नॉन-बायनरी माणसांविषयी बोलत नव्हते, त्यांच्या मांडणीतून आज जसाच्या तसा आधार काढणे चुकीचे ठरेल. तरीही, फ्रॉइडच्या व्हिएन्नाहून आलेले सूत्र येथल्या माणसाला लागू पडत नाही असे दिसल्यावर माणसाला न वाकवता सूत्राबद्दल प्रश्न विचारणारा विश्लेषक या देशात शंभर वर्षांपूर्वी होता, हे कळल्यावर माझा पुष्कळसा विरोध गळून पडला.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, पन्नास मिनिटांचे सत्र असते. खोलीत कोच आहे, परंतु त्यावर झोपलेच पाहिजे असे बंधन नाही. बहुतेक जण समोरासमोर खुर्चीत बसतात. नियम एकच सांगितला जातो : मनात येईल ते, क्षुल्लक वाटले, लाजिरवाणे वाटले, विषयाला सोडून वाटले तरी, न गाळता बोलावे. गृहपाठ नसतो, तक्ते भरून घेतले जात नाहीत, सल्ला जवळजवळ मिळत नाही. सुरुवातीच्या काही भेटी एकमेकांना अजमावण्याच्या असतात आणि त्यांनंतर नकार देण्याची मोकळीक दोन्ही बाजूंना आहे, हे थेरपिस्ट फोनवरच स्पष्ट करतात. त्यांचे प्रशिक्षण विचारले असता त्यांनी आढेवेढे न घेता सांगितले. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे, त्यांचे स्वतःचे विश्लेषण झालेले आहे (म्हणजे त्यांनी स्वतः दुसऱ्या विश्लेषकाकडे अशी थेरपी घेतली आहे), आणि अवघड वाटणाऱ्या कामाबद्दल त्या आजही नाव न घेता एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे मार्गदर्शन घेतात. नॉन-बायनरी लोकांबरोबर काम करण्यासाठी वेगळे काय शिकलात, असेही मी विचारले. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा क्वीअर-पूरक (लैंगिकतेच्या किंवा लिंगभावाच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्यांना पूरक अशा) समुपदेशनाचा अभ्यासक्रम त्यांनी केला होता. तो क्वीअर आणि ट्रान्स (जन्मवेळी नोंदलेल्या लिंगाहून वेगळा लिंगभाव असलेल्या) मानसोपचारकांनी स्वतः बांधलेला आहे, आणि मनोविश्लेषणाच्या प्रशिक्षणात जे कोणी शिकवले नाही ते तेथे ऐकायला मिळाले, असे त्यांचे शब्द होते.

पहिल्या भेटीआधी भरायच्या अर्जात लिंगासाठी पुरुष, स्त्री आणि इतर असे तीन चौकोन होते. ‘इतर’ म्हणवून घेणे मला नको होते, म्हणून तो भाग मी कोरा ठेवला. दुसऱ्या भेटीत त्यांनी अर्ज समोर ठेवून एवढेच विचारले, ‘हा रकाना मोकळा आहे. तसाच ठेवू का?’ माझ्या होकारानंतर विषय संपला. पुढे त्या अर्जातले चौकोन गेले आणि त्यांच्या जागी एक कोरी ओळ आली.

या पद्धतीत काम कसे होते हे सांगायला एक प्रसंग पुरेसा आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगावा लागेल. आमचे मूळ गाव साताऱ्याकडचे. गावच्या लग्नात पुरुषांची पंगत आधी बसे, बायकांची नंतर. हाळी आली की मुलगे एकीकडे जात, मुली दुसरीकडे थांबत, आणि त्या क्षणी मी मिठाचे ताट उचलून वाढायला सुरुवात करत असे. वाढणाऱ्या मुलाला तू कुठल्या पंगतीतला असे कोणी विचारत नाही. उलट, पोर किती कामाचे आहे म्हणून आत्या, काकू कौतुक करत. ही आठवण माझ्या तोंडून अगदी हलकेपणाने निघाली होती, लहानपणीच काढलेली एक युक्ती म्हणून. थेरपिस्ट बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी विचारले, ‘आणि तुम्ही स्वतः जेवायचात कधी?’

शेवटी, आचाऱ्यांच्या बरोबर, उरलेसुरले. पुष्कळदा नाहीच. हे उत्तर देताना माझा गळा दाटून आला आणि उरलेला वेळ शांततेत गेला. पुढचे काही आठवडे बोलणे त्याच ताटाभोवती फिरत राहिले. कामावर सगळ्यांची अडलेली कामे काढून देणे, नात्यात जोडीदाराला काय हवे ते त्याच्याआधी ओळखणे, आणि स्वतःला काही हवे असण्याची वेळ आली की तेथून निघून जाणे, हे सारे त्या मांडवातच शिकलेले होते. कौतुकाची भीतीही मग उलगडली, कारण कौतुक म्हणजे कोणीतरी हात धरून पानावर बसवणे, आणि बसायचे म्हटले की पंगत निवडणे आले. त्या दिवसांत खोलीत शिरताना पंखा कमी करू का, पडदा ओढू का, असे मी त्यांना न चुकता विचारत असे. एकदा त्या म्हणाल्या, ‘इथंही वाढायचं काम तुम्हीच करता आहात.’ खोलीबाहेरच्या आयुष्यातली रीत खोलीतल्या नात्यात पुन्हा उभी राहते, आणि तेथे ती जिवंतपणी हाताशी येते, असा या पद्धतीचा दावा आहे. पुस्तकात वाचताना तो गूढ वाटतो. पंख्याच्या बटणापाशी तो मला कळला.

यात एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पंगत टाळल्यामुळे कोणी नॉन-बायनरी होत नाही, आणि थेरपिस्टनी तसे कधी सुचवलेही नाही. माझा लिंगभाव कशाचा परिणाम आहे, हा प्रश्न त्यांनी उकरला नाही. दोनच पंगती मांडणाऱ्या जगात त्या मुलाला काय किंमत द्यावी लागली, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. जुन्या मनोविश्लेषणात आणि या खोलीत जो फरक आहे तो माझ्या मते एवढाच आहे, पण सगळे त्याच्यावरच उभे आहे.

भाषेचा मुद्दा मराठी माणसासाठी इतका जवळचा आहे की त्याला वगळून हे परीक्षण पुरे होणार नाही. मराठीत ‘मी’ला क्रियापद जोडले की बहुतेक वेळा लिंग सांगावे लागते. गेलो म्हणा किंवा गेले म्हणा, तिसरी वाट काढायची तर वाक्यच फिरवावे लागते. सुरुवातीला आमचे बोलणे इंग्रजीत होत असे, कारण तेथे ही अडचण येत नाही. काही काळाने थेरपिस्टनी निरीक्षण मांडले की घरातल्या गोष्टी इंग्रजीत आल्या की त्यांतली माणसे गप्प होतात. ते खरे होते. आईचे बोलणे इंग्रजीत सांगितले की तिची धार जाई. मग मराठी सुरू झाले, आणि त्यात माझी रूपे बदलत राहिली : कधी गेलो, कधी गेले, कधी ‘आम्ही’, कधी ‘मला जावं लागलं’. त्यांनी ती दुरुस्त केली नाहीत आणि तुमचे कोणते तरी एक रूप ठरवून सांगा असा आग्रहही धरला नाही. कोणत्या आठवणीत कोणते रूप येते, इकडे त्यांचे कान असतात. भावाशी झालेले भांडण सांगताना एक, आजारपण सांगताना दुसरे, असा काही नेम आहे, हे माझ्या लक्षात त्यांच्यामुळे आले. त्या स्वतः सर्वांना अहो-जाहो करतात. मराठीतल्या ‘तुम्ही आलात’, ‘तुम्ही थांबलात’ या रूपांत लिंग कळत नाही, त्यामुळे त्यांच्या आदराने बोलण्यात मला आपोआप आसराही मिळाला. हा लेख रूपे टाळून लिहिता आला आहे, परंतु तासभर मनमोकळे बोलताना असे सांभाळणे शक्य नसते, आणि शक्य असते तरी ते थेरपीच्या कामाचे नव्हते.

त्यांच्याकडून चूक झालीच नाही असे नाही. एका सत्रात माझ्या वसतिगृहातल्या दिवसांविषयी बोलताना त्यांनी ‘एकटे’ या विशेषणाचे माझ्या जन्मदाखल्यावरील लिंगाला जुळणारे रूप वापरले. माझे बोलणे चालूच राहिले. पुढच्या वेळी मला पोचायला बराच उशीर झाला आणि त्याचे कारण म्हणून मी कर्वे रस्त्यावरच्या गर्दीकडे बोट दाखवले. त्यांनी गर्दीबद्दल ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘मागच्या वेळी माझ्याकडून एक शब्द चुकीचा गेला होता. त्याबद्दल तुम्हाला काही बोलायचं राहिलं का?’ तेव्हा राग बाहेर आला, आणि तो त्या एका विशेषणाच्या मानाने फार मोठा होता. त्यांनी माफी मागितली, पण ती एका वाक्यात. स्वतःचे समर्थन केले नाही, आणि मलाच त्यांची समजूत घालावी लागेल इतके वाईटही वाटून घेतले नाही. आमच्या घरी राग दाखवलेल्या माणसाशी दोन-दोन दिवस अबोला धरला जाई. येथे राग व्यक्त झाल्यावर पुढच्या वारी तीच वेळ, तीच खुर्ची आणि समोर त्याच बाई होत्या. चांगल्या थेरपिस्टची पारख तो चुकतो की नाही यावरून करू नये, चुकल्यानंतरच्या सत्रात तो काय करतो यावरून करावी, असे माझे ठाम मत या अनुभवावरून झाले आहे. (त्यानंतर त्या ‘एकाकी’ म्हणू लागल्या. त्या विशेषणाचे रूप कोणासाठीही बदलत नाही.)

संस्कृतीचा आधार घेण्याबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण आपल्याकडचे अनेक भले समुपदेशक पहिल्याच भेटीत अर्धनारीनटेश्वराचे नाव घेतात. माझी आजी वारकरी होती. तिच्या तोंडी विठ्ठल विठाई होता आणि ज्ञानेश्वर माउली. हे मी सांगितल्यावर थेरपिस्टनी त्यावरून परंपरेचे गोडवे गायले नाहीत. ‘आणि आजी तुम्हाला काय म्हणायची?’ असे विचारले. देवाला विठाई म्हणणारे घर आपल्या नातवंडाला तेवढी सूट देतेच असे नाही, हे दुखणे त्या प्रश्नामुळे बोलता आले.

ही सेवा काय करत नाही, हेही तितकेच स्पष्ट लिहिणे भाग आहे. हार्मोन्स किंवा शस्त्रक्रियेसाठी लागणारे पत्र त्या देत नाहीत, आणि हे सुरुवातीलाच सांगतात. ज्या माणसाच्या सहीवर आपले पुढचे उपचार अवलंबून आहेत त्याच्यापुढे कोणी शंका मोकळेपणाने बोलणार नाही, असे त्यांचे कारण आहे, आणि ते मला पटते. पत्र हवे असेल तर त्या मनोविकारतज्ज्ञाचे नाव सुचवतात. ट्रान्स आरोग्यासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नॉन-बायनरी लोकांवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि अशा उपचारांआधी मानसोपचार सक्तीचा करू नये असेही त्यांत म्हटले आहे. म्हणून कोणी ‘आधी दोन वर्षे थेरपी करा, मग बघू’ असे सांगितले तर ते मानू नये. थेरपी ज्याला हवी त्याने करावी, तिचा टोलनाका होता कामा नये.

संकटाच्या वेळीही ही पद्धत अपुरी पडते. दोन सत्रांच्या मधे त्या फोन घेत नाहीत, दिवाळीत आणि मे महिन्यात रजेवर जातात, आणि घरातून हाकलून देण्याची धमकी, जबरदस्तीने ठरवलेले लग्न, पोलिसांची भीती अशा प्रसंगी पन्नास मिनिटांचे चिंतन कामाचे नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची २०१२ पासून चालू असलेली आयकॉल ही फोनवरील समुपदेशन सेवा, सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची मदतवाहिनी, मुंबईत १९९४ पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी सुरू केलेला समपथिक ट्रस्ट ही नावे अशा वेळी उपयोगी आहेत. आपल्यासारख्या माणसांच्या गटात बसण्याने जे मिळते ते कोणतीही थेरपी देऊ शकत नाही. तेथे स्वतःविषयी काहीच समजावून सांगावे लागत नाही. उलट, गटात जो राग किंवा मत्सर वाटतो तो गटात बोलता येत नाही, त्यासाठी वेगळी खोली लागते. माझ्या बाबतीत दोन्ही एकत्र चालू राहिले म्हणूनच दोन्ही टिकले, आणि माझ्या थेरपिस्टनी गटाला जाण्याला कधी पळवाट म्हटले नाही.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी, कारण आजही काही घरांतून मुलांना ‘बरे करून आणायला’ पाठवले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यातील) निकालात आपला लिंगभाव स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार केवळ समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक मूल्यांशी जुळत नाही एवढ्यावरून कोणाला मानसिक आजारी ठरवता येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी २०२१ मध्ये असे तथाकथित उपचार रोखण्याचे आदेश दिले. त्या खटल्याच्या काळात विषय समजून घेण्यासाठी ते स्वतः समुपदेशनाच्या सत्राला बसले होते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेनेही आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू झाली, लिंगभावाची विसंगती मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली आहे. मनोविश्लेषणाच्या गोड भाषेत कोणी ‘मूळ शोधून काढू म्हणजे हे आपोआप जाईल’ असे म्हणू लागला, तर तो त्याच बंद झालेल्या दुकानाचा माल विकतो आहे असे समजावे.

खर्च हा या सेवेचा सर्वांत मोठा दोष आहे. एका सत्राचे दोन हजार रुपये, म्हणजे आठवड्याला दोन सत्रे धरली तर महिन्याला सोळा हजारांच्या वर. न कळवता चुकलेल्या सत्राचेच नव्हे, तर कळवून चुकलेल्या सत्राचेही पैसे द्यावे लागतात. ती वेळ आपल्यासाठी राखलेली आहे, असे त्याचे स्पष्टीकरण मिळते. ते तत्त्वाला धरून असेल, परंतु गावी कोणी वारले आणि आठवडाभर जावे लागले तेव्हा मला ते कठोर वाटले, आणि त्यावर बोलणे होऊनही माझे मत बदललेले नाही. माझ्या विमा पॉलिसीतून यातला एकही रुपया परत मिळत नाही. सत्राच्या काही ठरावीक वेळा त्या कमी शुल्कात देतात आणि विद्यार्थ्यांकडून बरेच कमी घेतात, पण त्या जागा मोजक्या असतात आणि त्यांची माहिती विचारल्याशिवाय मिळत नाही. नॉन-बायनरी असल्यामुळे घर सुटलेले, नोकरी गेलेले, शिक्षण अर्धवट राहिलेले जे लोक आहेत त्यांना या पद्धतीची गरज सर्वांत अधिक असू शकते आणि तिची फी परवडण्याची शक्यता सर्वांत कमी. माझ्यासारख्या पगारदार माणसाच्या समाधानावरून या सेवेला पूर्ण गुण देणे मला योग्य वाटत नाही.

इतर त्रुटी लहान आहेत. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे व्हीलचेअर वापरणाऱ्याला ही खोली बंदच आहे. संमतिपत्र आणि अर्ज केवळ इंग्रजीत आहेत. ऑनलाइन सत्रे मिळतात, मात्र एकत्र राहणाऱ्या घरातून ती घेणे अवघड जाते. दाराबाहेर पावले वाजली की माझा आवाज आपोआप खाली येई, आणि शेवटी बंद गाडीत बसून सत्र करावे लागे.

परिणामाविषयी लिहायचे तर झोप सुधारली आहे, कौतुकाची धडधड क्वचितच होते, आणि सध्याच्या नात्यात नेहमीचा टप्पा येऊन गेला तरी मी आहे तेथेच आहे. हे सर्व फार हळू झाले. पहिले कित्येक महिने आपण पैसे देऊन शांतता विकत घेत आहोत असेच वाटत राहते. लवकर आराम हवा असेल, ठरावीक मुदतीत ठरावीक तंत्रे हवी असतील, किंवा आत्महत्येचे विचार तीव्र असतील, तर आधी दुसरीकडे जावे. तीव्र विचार असतील तर मनोविकारतज्ज्ञाकडे, आणि तेही लगेच. मानसशास्त्रज्ञ जोनाथन शेडलर यांनी २०१० मध्ये मांडलेल्या आढाव्यात या जातीच्या थेरपीचा परिणाम ती संपल्यावरही टिकतो आणि वाढतो असे दाखवले आहे, पण तो आढावा सर्वसाधारण रुग्णांचा आहे, आमच्या गटाचा नाही, हे लक्षात ठेवून त्याच्याकडे पाहावे.

ज्यांना आपल्या शहरात असा थेरपिस्ट शोधायचा आहे त्यांनी पहिल्या भेटीत थेट विचारावे : माझा लिंगभाव हा तुमच्या मते समजावून सांगण्याचा विषय आहे का, तुमचे स्वतःचे विश्लेषण झाले आहे का, नॉन-बायनरी लोकांबरोबर आधी काम केले आहे का आणि ते कोणाच्या मार्गदर्शनाखाली, चुकीचे संबोधन झाले तर तुम्ही काय करता, घरचे फोन करून चौकशी करू लागले तर त्यांना काय सांगता. मला मिळालेले शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे होते की तुम्ही येथे येता की नाही हेसुद्धा त्या कोणाला सांगत नाहीत. अपवाद दोनच, जिवाला धोका असेल तेव्हा किंवा कायद्याने सांगणे बंधनकारक असेल तेव्हा. या प्रश्नांनी जो दुखावतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. एरंडवण्यातल्या या थेरपिस्टकडे सध्या संध्याकाळच्या वेळा भरलेल्या आहेत. सकाळी आठची वेळ मिळू शकते, आणि कमी शुल्काच्या जागेसाठी पहिल्याच फोनवर विचारावे, संकोच करू नये.